सहल समित्यांना खुले पत्र : यंदाची उन्हाळी सहल जुन्या लाकडी रोलर कोस्टरच्या पार्कात न्या

प्रति,
न्यू जर्सी, न्यूयॉर्क आणि पेनसिल्व्हेनिया परिसरातल्या महाराष्ट्र मंडळांच्या सहल समित्या व कार्यकारिणी

सप्रेम नमस्कार.

उन्हाळी सहलीच्या बैठका आता सुरू होतील. बैठकीत काय होतं ते सगळ्यांना पाठ आहे. कोणी तरी मोठ्या थीम पार्कचं नाव घेतं, कोणी तरी माणशी खर्च मांडतं, अर्धी बैठक गप्प होते आणि शेवटी गावाबाहेरच्या त्याच तळ्याकाठी बार्बेक्यू ठरतो. आमची विनंती अशी की यंदा पेनसिल्व्हेनियातल्या एलिसबर्ग गावाजवळच्या कनोबल्स या पार्काचा विचार करावा. विनंती नुसती न करता जायचं कसं, बसायचं कुठे, खायचं काय आणि फसतं कुठे, हेही खाली लिहिलं आहे. समितीला निदान गृहपाठ करावा लागू नये.

मंडळाच्या सहलीला येतं कोण, ते आधी पाहू. साठ माणसं धरली तर मोठ्या राइडवर बसणारी पंधरा-वीस. बाकी मग भारतातून उन्हाळ्यापुरते आलेले आजी-आजोबा, कडेवरची मुलं, कंबरेला पट्टा बांधलेले काका आणि ‘तुम्ही जा, मी सामान बघते’ म्हणणाऱ्या दोन-तीन काकू. बहुतेक मोठ्या पार्कांत या सगळ्यांना दारातच पूर्ण तिकीट लागतं, पार्किंगचे पैसे वेगळे, आणि घरचा डबा बाहेर गाडीत ठेवावा लागतो. म्हणजे ज्यांनी एकही राइड घेतली नाही त्यांच्यासाठीही आपण पैसे मोजतो, आणि वर दुपारी बर्गरच्या लाइनीत उभे राहतो.

कनोबल्सला प्रवेश फुकट आहे. पार्किंग फुकट आहे. झाडांखाली छप्पर घातलेली पिकनिकची बाकं आहेत आणि घरचं जेवण आत नेता येतं. जो बसेल त्यानेच त्या राइडचे पैसे द्यायचे. आजोबांनी दिवसभर झाडाखाली बसून पेपर वाचला तर त्यांचा खर्च शून्य. आपल्या सहलीला इतका जुळणारा हिशेब दुसऱ्या फार कमी ठिकाणी सापडेल, आणि आमच्या मते निवडीचं पहिलं कारण हेच असावं. कोस्टर त्यानंतर.

आता कोस्टर.

हे पार्क ४ जुलै १९२६ ला सुरू झालं. तेव्हा तिथे पोहण्याचा तलाव, एक उपाहारगृह आणि वाफेवर चालणारं मेरी-गो-राउंड एवढंच होतं. २०२६ मध्ये शंभर वर्षं पूर्ण. आजही ते कनोबल घराण्याकडेच आहे. या घराण्याचा मूळ धंदा शेती आणि लाकूड. पुढची गोष्ट ऐकताना हा लाकडाचा धंदा लक्षात ठेवा.

पार्कातला ‘फीनिक्स’ हा कोस्टर मुळात इथला नाही. तो १९४७ मध्ये टेक्सासात, सॅन अँटोनिओच्या प्लेलँड पार्कमध्ये ‘द रॉकेट’ या नावाने उभा राहिला. आराखडा फिलाडेल्फिया टोबॉगन या कोस्टर बनवणाऱ्या कंपनीच्या हर्बर्ट श्मेक यांचा. १९८० मध्ये ते पार्क बंद पडलं आणि कोस्टर उन्हापावसात तसाच उभा राहिला. १९८५ च्या सुरुवातीला कोस्टर बांधणारे चार्ल्स डिन यांच्या देखरेखीखाली तो उतरवायला घेतला. मूळ नकाशे हाताशी नव्हते. त्यामुळे उतरवतानाच एकेका फळीवर आणि खांबावर खूण व नंबर टाकत गेले, सगळं लाकूड ट्रकांत भरून पेनसिल्व्हेनियाला आणलं आणि नंबरांच्या आधाराने परत उभं केलं. कोकणात जुनं घर उतरवून वासे-तुळया दुसऱ्या गावी नेतात तसंच, फक्त हे घर २४ मीटर उंच आणि जवळजवळ एक किलोमीटर लांब. १५ जून १९८५ ला तो नव्या नावाने सुरू झाला. सर्वोत्तम लाकडी कोस्टर कोणता यासाठी जाणकार मतं देतात, त्यात फीनिक्स अनेकदा पहिला आला आहे. वेग ताशी ७२ किलोमीटरच्या आसपास. आजच्या पोलादी कोस्टरांपुढे हा आकडा किरकोळ आहे, आणि तरीही तो पहिला येतो. का येतो, ते बसल्याशिवाय कळत नाही. पण थोडं सांगता येतं.

लाकडी कोस्टरमध्ये लाकूड नुसतं खांबांत नसतं, रूळही लाकडाचाच असतो. पाइनच्या फळ्या एकावर एक आडव्या ठेवून सहा ते नऊ थरांचा जाड पट्टा तयार करतात, आणि त्याच्या वरच्या अंगाला व आतल्या कडेला पोलादाची चपटी पट्टी ठोकतात. चाकं त्या पट्टीवरून धावतात. वरचे दोन थर मुद्दाम रुंद ठेवलेले असतात, ते आतल्या बाजूला ओठासारखे बाहेर येतात. गाडीला खालून आणखी एक चाक असतं आणि ते या ओठाखाली येतं. गाडी उंचवट्यावरून उडायला लागली की हे चाक तिला खाली धरून ठेवतं. अमेरिकेत कोस्टर आखणारे जॉन मिलर यांनी १९१९ मध्ये याचं पेटंट घेतलं, आणि त्यानंतरच उतार खरे उभे झाले. त्याआधीच्या कोस्टरांना हे खालचं चाक नसे. याच राज्यात अल्टूनाच्या लेकमॉन्ट पार्कमधला ‘लीप द डिप्स’ १९०२ सालचा. जगात शिल्लक असलेला सर्वांत जुना कोस्टर म्हणतात तो हाच. त्याची उंची फक्त ४१ फूट, कारण गाडी रुळावर टिकते ती निव्वळ वजनाने आणि बाजूच्या फळ्यांच्या आधाराने.

लाकूड दबतं, फुगतं, आकसतं. उताराच्या तळाशी गाडीचा भार काही पटींनी वाढतो. तिथले थर चेपतात, खिळे आणि बोल्ट सैल होतात, दोन रुळांमधलं अंतर किंचित वाढतं आणि गाडी डावी-उजवीकडे आपटत जाऊ लागते. ‘जुना कोस्टर हाडं खिळखिळी करतो’ ही तक्रार नेहमी या तळाच्या तुकड्यांचीच असते. त्यावर उपाय ठरलेला आहे. रोज सकाळी देखभालीचा माणूस रुळावरून पायी जातो, सैल दिसेल ते आवळतो. हिवाळ्यात पार्क बंद असताना ठरावीक तुकड्यांतले वरचे थर उपटून नवे घालतात. लाइनीत उभं राहून वर पाहिलंत तर राखाडी पडलेल्या लाकडामध्ये मधेच पिवळसर कोरी फळी दिसेल. ती पाहून ‘अरे, हे मोडकळीला आलंय’ असं कोणी म्हणालं तर त्याला सांगा, कोरी फळी दिसणं हेच चांगलं लक्षण. अशी ठिगळं कुठेच दिसली नाहीत तर मात्र विचारायला हवं.

स्टेशनातून निघाल्याबरोबर फीनिक्सची गाडी अंधाऱ्या बोगद्यात शिरते. बोगद्यातून बाहेर आली की चेन तिला वर खेचते. वर जाताना जो टक्‌टक्‌ आवाज येतो तो चेनचा नसतो. गाडीखाली एक खटका असतो, तो रुळामधल्या पोलादी दात्यांवरून घसरत जातो आणि प्रत्येक दात्यामागे पडतो. चेन तुटलीच तर गाडी मागे न जाता त्या दात्यावर अडकून उभी राहावी म्हणून ही सोय. घाबरणाऱ्या मुलांना चढण सुरू होण्याआधी एवढं सांगून ठेवा. आवाज थांबला की सगळे घाबरतात, प्रत्यक्षात आवाज चालू आहे तोवर खटका आपलं काम करतो आहे.

फीनिक्सची खरी मजा आहे ती सीटवरून उचललं जाण्यात. याला दोन कारणं. एक, उंचवट्यांचा आकार. गाडी उंचवटा ओलांडून खाली वळते, पण आपलं शरीर मात्र पुढे-वर जाण्याच्या बेतात असतं. दुसरं, मांडीवरचा बार. दोघांना मिळून एकच बार, आणि तो एकाच ठरलेल्या जागी बंद होतो. तो पोटाला येऊन चिकटत नाही. मांडी आणि बार यांच्यात फट राहते आणि तेवढ्या फटीत माणूस हवेत तरंगतो. शेवटच्या टप्प्यात लहान लहान उंचवटे लागोपाठ येतात, तिथे बसायची उसंतच मिळत नाही. नव्या पार्कांत प्रत्येकाला वेगळा, कडकडत घट्ट होणारा बार असतो. तिथे हा अनुभव मिळत नाही. आईवडिलांनी एक मात्र समजून घ्यावं. शेजारी मोठा माणूस बसला म्हणून लहान मुलावरचा बार घट्ट किंवा सैल होत नाही, फट सगळ्यांना सारखीच. उंची मोजायच्या फळीपाशी मूल अर्ध्या इंचाने कमी पडलं तर तिथल्या पोराशी हुज्जत घालू नका. तो नियम या फटीसाठीच आहे.

कुठे बसायचं? गाडीला चार डबे, डब्यात तीन बाकं, बाकावर दोघे. म्हणजे एका फेरीत चोवीस जण. प्रत्येक डब्याची चाकं पहिल्या आणि तिसऱ्या बाकाच्या आसपास येतात, त्यामुळे तिथे दणके जास्त. मधलं बाक त्या मानाने मऊ. ज्यांना पहिल्यांदा बसायचं आहे, ज्यांची कंबर जरा कुरकुरते, त्यांनी दुसरं, पाचवं, आठवं किंवा अकरावं बाक धरावं. गाडी समोरून उतरू लागली की मागच्या डब्याला उंचवट्यावरून ओढून नेते, म्हणून अगदी मागे उचललं जाणं जास्त. अगदी पुढे वारा आणि समोरचं दृश्य. दहावी-बारावीतल्या मुलांना मागचं बाक सांगायला लागत नाही, ती आपणहून तिकडे पळतात. वळणात दोघेही बाहेरच्या बाजूला सरकतात. तेव्हा वजनदार माणसाने बाहेरच्या कडेला बसावं, नाही तर शेजारचा चेपतो. वळण कुठल्या बाजूला आहे ते खाली उभं राहून एक गाडी पाहिली की कळतं.

बसल्यावर पाठ मागे टेकवा, पाय जमिनीला सपाट ठेवा, हात बारवर सैल ठेवा. मान ताठ धरली की दुसऱ्या दिवशी दुखते. चष्म्याला दोरी लावा किंवा तो खिशात ठेवून खिशाची चेन लावा. ओढणी, सैल पदर, लांब मंगळसूत्र, गळ्यातला मोठा दागिना, टोपी, फोन हे सगळं खाली थांबणाऱ्या काकूंकडे द्या. पायात पट्टा असलेलंच काही घाला, सैल चप्पल पहिल्या उंचवट्यालाच जाते आणि परत मिळायला दिवस मावळतो. साडीत फोटो काढायची हौस असेल तर तो फोटो मेरी-गो-राउंडवर काढा, तिथे साडी शोभते.

कोणी बसू नये तेही स्पष्ट लिहितो, कारण ‘काही होत नाही हो’ म्हणून आजोबांना आग्रह करणारे आपल्यात बरेच असतात. गरोदर बायका, हृदयाचा त्रास किंवा शस्त्रक्रिया झालेले, मान-पाठीच्या मणक्याचं दुखणं असलेले, नुकतीच डोळ्याची शस्त्रक्रिया झालेले, आणि आटोक्यात नसलेला रक्तदाब असणारे, यांनी लाकडी कोस्टरवर बसू नये. भारतातून आलेल्यांच्या प्रवास-विम्यात आधीच्या दुखण्याला काय संरक्षण असतं, हे समितीतल्या प्रत्येकाला ठाऊक आहे.

वेळेबद्दल एक गोष्ट अगदी कामाची. सकाळी चाकांच्या बेअरिंगमधलं ग्रीस थंड, घट्ट असतं, गाडी आळसावलेली. दिवसभर धावून ते तापलं की तीच गाडी संध्याकाळी वेगळ्या जोशात जाते. म्हणून सकाळी नवशिक्यांनी बसावं, हौशी मंडळींनी रात्रीची फेरी ठेवावी. पावसाची गोष्ट मात्र वेगळी. ओल्या पट्टीवर घर्षण कमी होतं आणि जुन्या पद्धतीच्या कोस्टरचे ब्रेक घर्षणावरच चालतात. खालून वर येणाऱ्या लांब पट्ट्या गाडीच्या तळाला घासतात आणि गाडी थांबते. त्यामुळे जोराचा पाऊस आला की लाकडी कोस्टर बंद ठेवतात, आणि वीज चमकली की उंच राइड सगळ्याच बंद. त्यावर वाद घालून उपयोग नाही. सहज सांगतो, मेलबर्नच्या लूना पार्कमधला १९१२ सालचा ‘सिनिक रेल्वे’ हा लाकडी कोस्टर आजही ब्रेकमनच्या भरवशावर चालतो. तो माणूस गाडीवरच उभा असतो आणि प्रत्येक उतारावर किती सोडायचं, किती धरायचं हे हाताने ठरवतो. तिकडच्या मराठी मंडळींनी ट्रामने जाऊन तो पाहून घ्यावा.

फीनिक्सखेरीज कनोबल्समध्ये काय आहे ते थोडक्यात, कारण सगळे दिवसभर एकाच कोस्टरवर बसणार नाहीत. ‘ट्विस्टर’ हा दुसरा लाकडी कोस्टर १९९९ चा, डेन्व्हरच्या एलिच गार्डन्स या पार्कातल्या जुन्या ‘मिस्टर ट्विस्टर’वरून बेतलेला. फीनिक्सपेक्षा रांगडा, तेव्हा तो आधी नको. ‘फ्लाइंग टर्न्स’मध्ये रूळच नाही. लाकडाच्या अर्धगोल पन्हाळीतून गाड्या मोकळ्या घसरत जातात, १९२९ च्या सुमाराला निघालेल्या आणि पुढे नामशेष झालेल्या प्रकाराची ही नवी आवृत्ती. बांधकाम २००६ मध्ये सुरू झालं आणि चाकांपासून अनेक गोष्टी जमेनात म्हणून लोकांसाठी उघडायला २०१३ चा ऑक्टोबर उजाडला. यात दोघे एकामागे एक बसतात आणि दोघांचं मिळून वजन ४०० पौंडांच्या आत लागतं. नवरा-बायकोने जोडी जमवताना आधी बेरीज करावी, लाइनीच्या टोकाला जाऊन नव्हे. ‘ब्लॅक डायमंड’ ही अंधाऱ्या खाणीतून जाणारी राइड न्यू जर्सीच्या जुन्या लोकांना ओळखीची वाटेल. ती वाइल्डवुडच्या समुद्रकाठची ‘गोल्डन नगेट’, इथे आणून २०११ मध्ये पुन्हा सुरू केलेली. उतरवून आणायची आणि उभी करायची ही खोड या पार्काला आहेच.

१९१३ चं मोठं मेरी-गो-राउंड चुकवू नका. त्यावर हाताने कोरलेले ६३ घोडे आहेत. बाहेरच्या रांगेतल्या घोड्यावर बसलं की फिरता फिरता एका दांड्यातून कड्या ओढता येतात. बहुतेक कड्या पोलादी, त्यातली पितळेची हाती आली तर पुढची फेरी फुकट. अमेरिकेत कड्यांचा हा खेळ आता मोजक्या ठिकाणी उरला आहे. शरीर फार बाहेर झोकू नका, कडी बोटाने हलकेच अडकवून ओढायची असते. लहान मुलं बाहेरच्या रांगेत बसली तर शेजारी मोठं माणूस हवं. आजी-आजोबांना ही राइड आणि जंगलातून जाणारी छोटी आगगाडी या दोन गोष्टी पुरतात. मेरी-गो-राउंडचं आणि कोळशाच्या खाणींचं अशी छोटी संग्रहालयंही आवारातच आहेत, तिथे सावली मिळते.

आता सहल समितीचं काम.

रस्ता : एडिसन किंवा फिलाडेल्फियाहून गाडीने अडीच तासांच्या आसपास, हॅरिसबर्गहून सव्वा तास. न्यू जर्सीकडून येणाऱ्यांनी आय-८० महामार्गाने ब्लूम्सबर्ग गाठून तिथून कॅटाविसावरून ४८७ क्रमांकाचा रस्ता धरावा, पार्क त्याच रस्त्यावर आहे. जागा खोऱ्यात, ओढ्यांच्या काठी. १९७२ च्या अ‍ॅग्नेस वादळात जवळजवळ सगळं पार्क पाण्याखाली गेलं होतं, पुढे २००६ आणि २०११ मध्येही पूर आले. त्यामुळे मोठा पाऊस सांगितला असेल त्या दिवशी हट्ट नको. खोऱ्यात फोनचं सिग्नलही धड नसतं. ‘आत गेल्यावर व्हॉट्सअ‍ॅपवर बोलू’ असं ठरवलंत तर अर्धे लोक दुपारी दीडपर्यंत सापडायचे नाहीत. बाकांचा नंबर किंवा जवळची खूण, आणि जेवणाची वेळ, आदल्या रात्रीच लेखी पाठवा.

दिवस : शनिवार नको, ४ जुलै तर मुळीच नको. जून-अखेर ते ऑगस्टमधला आठवड्याचा कामाचा दिवस सर्वांत चांगला. दिवसभर राइडवर बसू देणाऱ्या मनगटपट्ट्या आणि राइडगणिक पैसे यांचे नियम वारानुसार बदलतात, म्हणून पार्काच्या संकेतस्थळावर तुमची तारीख घालून पाहा. सुट्टी घेता येत नसेल तर रविवार, पण सकाळी लवकर.

बाकं : मोठ्या गटासाठी छप्पर आधी ठरवता येतं, त्यासाठी पार्काच्या गट-विभागाला फोन करा. तसं केलं नसेल तर जो आधी येईल त्याला जागा. राइड सुरू होण्याच्या दीड तास आधी दोन गाड्या पुढे पाठवा. मेजांवर चादरी अंथरायच्या आणि एका माणसाने तिथेच थांबायचं. साठ जणांना आठ मेजं पुरतात. विस्तवावर काही करायचं असेल तर आधी विचारून घ्या. आमचा सल्ला असा की काहीच शिजवू नका.

जेवण : घरून नेण्यात फसतं ते एकाच जागी, उन्हात. बाहेरचं तापमान ९० फॅरनहाइटच्या वर असेल तर नासणारं अन्न बाहेर एका तासाहून जास्त ठेवू नये, एरवी दोन तास. मसालेभाताचा मोठा टोप सकाळी सातला गरम भरला आणि दुपारी दीडला उघडला, तर तो ना धड गरम ना धड थंड, आणि धोका नेमका तिथेच. म्हणून सुकं किंवा थंड न्या. तिखटमिठाच्या पुऱ्या, मेथीचे ठेपले, दाण्याची चटणी, कोरडी बटाट्याची भाजी बर्फाच्या पेटीत, सुकी भेळ. भेळेत चटणी आणि कांदा तिथेच घाला, आधी कालवलेली भेळ अर्ध्या तासात लगदा होते. साठ जणांना माणशी चार म्हणजे अडीचशेच्या आसपास पुऱ्या, पंधरा लिटर ताक, आणि पाणी माणशी निदान दीड लिटर. श्रीखंड हवंच असेल तर लहान डब्यांत, पेटीच्या तळाशी. ऑगस्टमध्ये गोडावर गांधीलमाश्या येतात, झाकणं उघडी टाकू नका. पार्कातही खायला चांगलं मिळतं. बटाट्याचे पॅनकेक आणि करंजीसारखे, बटाटा भरलेले पिरोगी आपल्या जिभेला लगेच रुचतात. अंडं चालत नसेल तर मात्र विचारून घ्या.

पैसे : सगळ्यांकडून सरसकट एकच वर्गणी घेऊ नका, तसं केलं तर फुकट प्रवेशाचा फायदाच गेला. जेवणाची वर्गणी सगळ्यांची, राइडचा खर्च ज्याचा त्याचा. दिवसभर पळणाऱ्या मुलांना मनगटपट्टी परवडते. चार-पाच राइडवर थांबणाऱ्यांना राइडगणिक पैसे बरे. शिवाय पाऊस आला तर त्यात वापरलेल्या राइडपुरतेच पैसे जातात. सरसकट सगळ्यांना पट्ट्या घेऊन टाकणारा खजिनदार दुपारी ढग आले की तोंड लपवत फिरतो.

आणि लाइनीबद्दल, थोडं कडू. एकाने उभं राहायचं आणि गाडी आली की मागून अठरा जणांनी घुसायचं, ही आपली सवय तिथे चालत नाही आणि चालूही नये. जेवढे बसणार तेवढे सुरुवातीपासून लाइनीत. छपराखाली ढोल-ताशा, स्पीकरवर गाणी हेही नको. शेजारच्या मेजावर कोणाच्या तरी तीन पिढ्या बसलेल्या असतात, वर्षानुवर्षं त्याच झाडाखाली येणाऱ्या.

ज्यांना एलिसबर्ग लांब पडतं त्यांच्यासाठीही जवळपास काही ना काही आहे. पिट्सबर्गकरांना केनीवूड आहे, पार्क १८९८ चं, त्यात १९२० चा ‘जॅक रॅबिट’ आणि १९२७ चा ‘रेसर’. रेसरचे दोन रूळ खरं तर एकच सलग रूळ आहे, त्यामुळे डावीकडून निघालेली गाडी उजवीकडे येऊन थांबते. रॉचेस्टरला सीब्रीझचा ‘जॅक रॅबिट’, तोही १९२० चा. कनेटिकटमध्ये ब्रिस्टलच्या लेक कंपाउन्सला १९२७ चा ‘वाइल्डकॅट’. यांतल्या काही ठिकाणी प्रवेशाचं तिकीट आहे, तेव्हा आजी-आजोबांचा हिशेब वेगळा मांडा. बे एरियातल्या मंडळींना सांताक्रूझ बोर्डवॉकचा १९२४ चा ‘जायंट डिपर’ आणि सॅन दिएगोकरांना बेलमाँट पार्कचा १९२५ चा त्याच नावाचा कोस्टर. दोन्हीकडे आत जायला पैसे नाहीत, आणि दोन्ही समुद्राला लागून.

कार्यकारिणीच्या पुढच्या बैठकीत हा विषय घ्यावा आणि ठरलं तर मे महिना संपायच्या आत छपराची चौकशी करावी. जुलैतल्या चांगल्या तारखा कंपन्यांच्या आणि चर्चच्या सहलींनी आधीच भरलेल्या असतात. कोस्टरवर बसणाऱ्यांची आणि न बसणाऱ्यांची यादी वेगवेगळी मागवा. दुसरी यादी मोठी निघाली तरी बिचकू नका.

कळावे, लोभ असावा.

आपले,
जुन्या लाकडी कोस्टरचे काही मराठी हौशी

ता. क. : फीनिक्सची रात्रीची फेरी घ्यायची असेल तर परतीच्या गाड्या आधीच दोन भागांत वाटा. लहान मुलं आणि आजी-आजोबा सहाला निघू देत. उरलेल्यांपैकी निदान एका चालकाने शेवटच्या फेरीच्या मोहाला बळी न पडता तासभर डुलकी काढलेली असावी.